पोरांच्या हाती एक वर्ष

१९८९ साली नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये जाणत्या मंडळींनी गावाचा कारभार तरुणांच्या हाती दिला. देताना मुदत घातली एक वर्षाची. काही करून दाखवलं तर पुढचं पुढे बघू, नाही तर परत घ्यायला आम्ही आहोतच, असा तो सौदा होता. गावातले लोक तो आजही साधारण याच शब्दांत सांगतात. त्याचा कुठे कागद झाला नव्हता. ग्रामपंचायतीच्या कायद्यात असल्या ‘एक वर्षाच्या सत्ते’ची सोय तेव्हा नव्हती, आजही नाही. तरी त्या तोंडी सौद्यातून जे गाव उभं राहिलं ते पाहायला पुढे देशभरातून माणसं येऊ लागली. त्या कौतुकाच्या गर्दीत सौद्याची गोष्ट मागे पडली. हिवरे बाजार म्हटलं की पाणी आठवतं, चर आठवतात, फार तर लखपती शेतकरी आठवतात. पाण्याआधी तिथे सत्तेची देवाणघेवाण झाली होती.

सालही मोठं गमतीचं. घटनेतल्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं आणि २८ मार्च १९८९ पासून ते लागू झालं. त्या नोव्हेंबरात लोकसभेसाठी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. दिल्लीने तरुणांना मत दिलं. हिवऱ्याने त्यांना थेट कारभार दिला, आणि तिथे मत टाकायची वेळच आली नाही, कारण सरपंच बिनविरोध निवडला गेला. हे ‘बिनविरोध’ लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हे घडलं का, हे समजायला १९७२च्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागतं. नगर जिल्ह्याचे (आता त्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे) सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला प्रवरा-मुळेचं पाणी, ऊस, साखर कारखाने, आणि त्या कारखान्यांवर उभं राहिलेलं राजकारण. दक्षिणेला पर्जन्यछायेतला कोरडवाहू टापू. हिवरे बाजार या दुसऱ्या भागात येतं. शहरापासून सोळा-सतरा किलोमीटरवर, तीन बाजूंनी डोंगर, क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर, पाऊस बहुतेक वर्षी चारशे मिलिमीटरच्या आत. पूर्वी गावाची ओळख कुस्तीची होती. इथल्या तालमीतले पैलवान पंचक्रोशीतली मैदानं मारत. पैलवानकी म्हणजे दूध, तूप आणि वेळ, आणि या तिन्ही गोष्टी असणारं गाव खाऊनपिऊन सुखी असतं.

बहात्तरच्या दुष्काळाने हे मोडलं. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली. पोटासाठी लोकांनी डोंगरावरची झाडं तोडून सरपण विकलं. डोंगर बोडके झाले, मग पडणारा पाऊसही माती घेऊन वाहून जाऊ लागला, म्हणजे दुष्काळ संपला तरी त्याचं कारण गावातच राहिलं. घरं मुंबई-पुण्याकडे निघून गेली. मागे राहिलेल्यांत हातभट्टीचा धंदा रुजला, भांडणं वाढली, कोर्टकचेऱ्या वाढल्या. सरकारी नोकराची हिवऱ्यात बदली म्हणजे शिक्षा, अशी गावाची कीर्ती झाली होती. मुलीला तिथे द्यायला लोक कचरत. तालमी होत्या, पण पैलवान जोर करण्यापेक्षा जोर दाखवण्यात रमले.

बहात्तर ते एकोणनव्वद ही सतरा वर्षं. म्हणजे दुष्काळात जन्मलेलं मूल १९८९ साली मिसरूड फुटलेला तरुण झालं होतं. गाव चांगलं कसं असतं हे त्याने फक्त ऐकलं होतं. हिवऱ्यातल्या तरुणांच्या हट्टाचं मूळ मला इथे दिसतं. जुन्या पिढीला गतवैभवाची आठवण पुरत होती. या मुलांकडे आठवणही नव्हती.

शेजारी एक उदाहरणही तयार होतं. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीत लष्करातून परतलेले अण्णा हजारे १९७५पासून काम करत होते. यादवबाबांच्या पडक्या देवळाच्या जीर्णोद्धाराला स्वतःच्या फंडाचे पैसे घालून त्यांनी सुरुवात केली, पण गाव फिरवलं ते तिथल्या तरुण मंडळाने. दारूभट्ट्या बंद करण्याचा निर्णय देवळात झाला. ज्यांनी आपणहून बंद केल्या नाहीत त्यांच्या भट्ट्या पोरांनी फोडल्या. पुढे दारू पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून मारण्यापर्यंत मजल गेली. अण्णांनी ते कधी लपवलं नाही आणि टीकाकारांनी ते कधी विसरू दिलं नाही. राळेगणमध्ये तरुण म्हणजे हात होते, डोकं एकच होतं. अभ्यासक मुकुल शर्मा यांनी २००६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या नैतिक अधिकाराची कडक चिकित्सा केली. ती पटो न पटो, एक प्रश्न ती सोडत नाही: निर्णय घेणारे आणि निर्णय राबवणारे हे एकच का नव्हते? हिवऱ्याने राळेगणकडून पाणलोटाचं तंत्र घेतलं, कडक नियम घेतले. तरुणांची जागा मात्र तिथे वेगळी ठरली. इथे पोरं कारभारी झाली.

त्यांनी पुढे केलेला माणूस पोपटराव पवार. वय तिशीच्या आसपास, शिक्षण एम.कॉम. आणि गावातला एकुलता पदव्युत्तर. क्रिकेट चांगलं खेळायचे, घरच्यांना वाटे पोरगा खेळात नाव काढेल, नाही तर शहरात नोकरी धरेल. सरपंचकीचं खूळ घरात कुणाला फारसं रुचलं नव्हतं. ते साहजिकही होतं. त्या काळात ग्रामपंचायतीच्या हाती पैसा नसे, अधिकार कागदावर असत. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती यायला आणखी चार वर्षं होती. शिकलेल्या पोराने अशा पंचायतीत जाणं म्हणजे पाण्यात पडणं.

जाणत्यांनी कारभार सोडला तो मोठ्या मनाने, असं सांगायची पद्धत आहे. थोडं मोठं मन असेलही. पण सोडण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं, हे कारण मला जास्त पटतं. जिल्ह्याच्या उत्तरेला कारखान्याच्या संचालकपदासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या घराण्यांत ‘तरुण नेतृत्व’ म्हणजे बहुतेक वेळा पुढाऱ्याचा मुलगा. तिथे उसाचा पैसा आहे, पाण्याच्या पाळ्या आहेत, नोकऱ्या आहेत. तिथल्या कुणी पोरांना एक वर्ष कारखाना चालवायला दिल्याचं ऐकिवात नाही. हिवऱ्यात कारखाना नव्हता, कालवा नव्हता, खुर्चीला भाव नव्हता. तरुणांना सत्ता सहज मिळते ती अशी, कुणालाच नको झाल्यावर.

मिळालेल्या मुदतीत पोरांनी पहिला हात घातला तो शाळेला. चौथीपर्यंतची मोडकळीला आलेली शाळा, मास्तर आले तर भरणार. ग्रामसभेत अडचणींची यादी झाली. पिण्याचं पाणी, चारा, सरपण, रस्ता, शाळा, दवाखाना असं सगळंच त्यात होतं. त्यातून शाळा वर घेण्यात शहाणपण होतं. पाण्याच्या कामाला वर्षं लागतात. शाळेची भिंत वर्षात उभी राहते आणि सगळ्यांना दिसते. शाळेसाठी जमीन लागणार होती. ज्या गावात बांधावरून डोकी फुटत, तिथे लोकांनी ती दिली. श्रमदान झालं, वर्ग उभे राहिले, आणि वर्षअखेरीला कारभार परत मागायला कुणी आलं नाही. एका वर्षाची पाच वर्षं झाली.

पुढची कामं नेटकी झाली त्याचं श्रेय तरुणांच्या उत्साहाइतकंच त्यांच्या कागदपत्रांना आहे. गावाला पैसा कुठून मिळतो हे शिकलेल्या माणसाला शोधता येतं. रोजगार हमी योजना महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासूनच होती. दुष्काळी भागात तिच्यावर खडी फोडायची, रस्ते करायचे आणि पुढच्या पावसात ते वाहून जाऊ द्यायचे, हा शिरस्ता होता. हिवऱ्याने हमीची मजुरी डोंगरावर नेली. माथ्यावरून पायथ्याकडे समतल चर खोदत यायचं, म्हणजे पाणी धावायचं थांबतं, चरात उभं राहतं आणि जमिनीत मुरतं. असे सुमारे ४०,००० चर डोंगरांवर झाले. सामाजिक वनीकरण खात्याच्या मदतीने ७० हेक्टर उजाड वनजमिनीवर झाडं लावली गेली. १९९२ साली राज्याने राळेगणच्या अनुभवावरून आदर्श गाव योजना आणली. हिवऱ्याने यशवंत कृषी ग्राम व पाणलोट विकास संस्था काढून त्या योजनेत भाग घेतला. हेक्टरी चार हजार रुपये, एकूण बेचाळीस लाखांच्या आसपास खर्च. त्यात मातीचे बांध, दगडी बांध, बंधारे आणि पाझर तलाव झाले. एवढ्या रकमेत आज शहरातला एक बरा फ्लॅट येणार नाही.

पैशाबरोबर अटी आल्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही आदर्श गावाची पंचसूत्री. वाचायला सोपी आहे. पण चराईबंदी म्हणजे काय, हे ज्याच्याकडे चार शेळ्या आणि शून्य जमीन आहे त्याला विचारावं. जमीनवाल्याला डोंगर बंद झाला तर बांधावरचं गवत असतं, कडबा असतो. भूमिहीनाची शेळी डोंगरावरच जगते. हिवऱ्यात मोकळी चराई बंद झाली, गवत विळ्याने कापून डोक्यावरून आणायचं ठरलं. गवत वाढलं तसा गायी-म्हशींचा धंदा वाढला आणि दूध रोजच्या दीडशे लिटरवरून काही हजार लिटरवर गेलं. शेळ्या मात्र कमी झाल्या. विहिरींतलं वाढलेलं पाणीही आधी विहिरीच्या मालकाचंच. प्रिया संगमेश्वरन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हिवऱ्यातल्या समन्यायाबद्दल जे प्रश्न विचारले ते इथून निघतात. एक गोष्ट गावाच्या बाजूने सांगायला हवी. इथे गरिबी खरोखर घटली. १९९५च्या पाहणीत १८० कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८मध्ये ती ५३ उरली, आणि पुढे बोटांवर मोजण्याइतकी. मजुरीचे दिवस वाढले, पुण्या-मुंबईला गेलेली घरं परत आली, आणि काही भूमिहीनांना जमिनीही घेता आल्या. पण सगळ्यांचं भलं झालं आणि सगळ्यांचं सारखं भलं झालं, या दोन वाक्यांत बरंच अंतर असतं.

‘तरुण’ म्हणजे कोण, हाही प्रश्न तिथेच येतो. १९८९च्या सगळ्या हकिकतींत तरुण म्हणजे मुलगे. मैलावरून हंडा आणणाऱ्या मुली आणि सुना त्या सौद्यात कुठे नव्हत्या. महिला मंडळं, बचत गट नंतर आले. पंचायतीतल्या राखीव जागांमुळे बायका सदस्य झाल्या, सरपंच झाल्या. त्या कायद्याने आल्या. पोरांना गावाने आणलं, बायकांना कायद्याने, हा फरक लहान नाही. लग्नाआधी मुलामुलीची एचआयव्ही तपासणी करायची, हा नियमही या गावाने पुढे केला. त्याचं कौतुकही झालं. पण नव्या पिढीच्या खाजगी आयुष्याबद्दलचा हा निर्णय, ती पिढी कारभारात नसताना झाला.

हिवऱ्यात तरुणांनी केलेल्या कामांत सर्वांत टिकाऊ काम कोणतं, असं विचारलं तर मी चरांचं नाव घेणार नाही. चर गाळाने भरतात, पुन्हा खोदावे लागतात. टिकलं ते ग्रामसभेचं वळण. ग्रामपंचायतीच्या इमारतीला तिथे ‘ग्रामसंसद’ म्हणतात. नाव जरा भारदस्त आहे, पण आत चालणारा एक हिशेब पाहिला की ते खपून जातं.

पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने २००४च्या सुमारास हे सुरू झालं. पद्धत चौथी-पाचवीच्या मुलालाही समजेल अशी आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं क्षेत्र ९७७ हेक्टर. म्हणजे एका मिलिमीटरला गावावर जवळजवळ एक कोटी लिटर पाणी पडतं. तीनशे मिलिमीटर झाला तर तीनशे कोटींच्या आतबाहेर. यातलं काही वाहून गेलं, काही वाफ होऊन गेलं, काही जमिनीत ओल म्हणून राहिलं, काही विहिरींत उतरलं. निरीक्षण विहिरींची पातळी मोजली की मुरलेलं किती ते कळतं. मग वाटप. आधी माणसांचं पिणं, मग जनावरांचं, मग उरलेलं शेतीला. शेतीला किती उरलं ते ग्रामसभेत सांगितलं जातं आणि त्यावरून कोणतं पीक किती घ्यायचं हे ठरतं. पाऊस बरा झाला तर रब्बीला गहू-कांदा आणि उन्हाळी चारा-भाजीपाला. हात आखडला तर ज्वारी-हरभरा, आणि उन्हाळी पीक विसरायचं. शेतीसाठी बोअरवेल घ्यायचं नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. जमीन बाहेरच्याला विकायची नाही.

उसाला ‘नाही’ म्हणणं नगर जिल्ह्यात सोपं नाही. शेजारच्या तालुक्यांत उसाच्या मोळ्या आणि कारखान्याचे भोंगे हीच समृद्धी. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने उसाला न देता उघड्या डोळ्यांनी ते जमिनीत ठेवायचं, कारण शेजाऱ्याची विहीर त्याच झऱ्यावर आहे, हे कुठल्याही सरकारी हुकमाने होत नाही. ९० विहिरींच्या २९४ विहिरी होऊनही पाण्याची पातळी टिकली, ती या नकारांमुळे. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो टँकर धावत होते. हिवऱ्यात टँकर गेला नाही. हा हिशेब शाळेतही शिकवला जातो. बापाने बोअर घ्यायचं मनात आणलं तर पोरगं वहीतलं गणित दाखवू शकतं. ही मुलं अठराची होईपर्यंत ग्रामसभेची सभासद नसतात. तरी चर्चेचा विषय मुलांना कळतो, एवढीही गोष्ट बहुतेक गावांत नसते.

इथे हिवरे बाजार जरा सोडून शहराकडे वळायला हवं. ज्या १९८९ साली एका दुष्काळी गावाने पोरांवर एक वर्ष भरवसा टाकला, त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या निवडणुका बऱ्याच वर्षांपासून गुंडगिरी, पैसा आणि पक्षांच्या ओढाताणीने बदनाम झाल्या होत्याच. त्या खुनाने निमित्त दिलं. १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका काढून टाकल्या. वर्गात पहिला येणारा तो वर्गाचा प्रतिनिधी, असा गुणवत्तेचा मार्ग आला. नगरची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे तिथेही तेच. सत्तर-ऐंशीच्या दशकात जी मुलं कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटून, भाषणं ठोकून, हरून-जिंकून राजकारण शिकली आणि पुढे आमदार-मंत्री झाली, तसली शाळाच बंद झाली. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा हुशार असेल, पण त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं, म्हणून त्याला कुणी जाब विचारत नाही.

२००६मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने विद्यार्थी निवडणुकांसाठी वयाच्या, हजेरीच्या आणि खर्चाच्या मर्यादा घातल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत. सर्वोच्च न्यायालयाने त्या शिफारशी लागू केल्या. महाराष्ट्राने आणखी दहा वर्षं घेतली. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला विद्यापीठाच्या अधिसभेत जागाही दिली. २०१९मध्ये निवडणुकांची तयारी सुरू झाली, ती विधानसभा निवडणुकीच्या वर्षात पुढे ढकलली गेली, मग करोना आला. एक पिढी कॉलेजात शिरली, पदव्या घेऊन बाहेर पडली, आणि तिने मतपत्रिका पाहिली ती थेट लोकसभेचीच.

गावाने पोरांवर भरवसा टाकला आणि विद्यापीठांनी काढून घेतला, असा या दोन गोष्टींचा सोपा अर्थ लावता येईल. पण हिवऱ्याचं पुढचं प्रकरण पाहिलं की तो अर्थ डळमळतो. एका वर्षाची पाच वर्षं झाली, पाचाची दहा, दहाची वीस. पोपटराव कधी सरपंच, आरक्षण आलं तेव्हा उपसरपंच, राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्ष झाले, २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. निवडणूक दर वेळी बिनविरोध. बिनविरोधात फायदे आहेत, हे नाकारता येत नाही. निवडणूक झाली की नगर जिल्ह्यातलं गाव दोन गटांत चिरतं आणि ती चीर पाच वर्षं बुजत नाही. बोअरबंदीसारखा नियम अशा चिरलेल्या गावात आठ दिवस टिकणार नाही. पण बिनविरोध होण्यासाठी कुणाला तरी अर्ज मागे घ्यावा लागतो, किंवा भरूच नये असं त्याला आधीच कळलेलं असतं.

२०२१च्या जानेवारीत राज्यभर ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या. बिनविरोधाची चढाओढ लागली होती. पारनेरचे आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध गावाला पंचवीस लाखांचा निधी जाहीर केला. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली. अशा हंगामात हिवरे बाजारमध्ये तीस वर्षांनी पहिल्यांदा समोर पॅनल उभं राहिलं. बातमी राज्यभर गाजली. आदर्श गावाला दृष्ट लागली, असा बऱ्याच बातम्यांचा सूर होता. मतदान १५ जानेवारीला झालं. निकालात सातही जागा पोपटरावांच्या पॅनलला मिळाल्या.

त्या रांगेत उभ्या असलेल्यांचा विचार करावा. १९८९ साली गावात जन्मलेला माणूस आता एकतीस वर्षांचा होता, म्हणजे सरपंच झाले तेव्हा पोपटराव जेवढे होते साधारण तेवढाच. लोकसभा, विधानसभेला त्याने अनेकदा मत दिलं होतं. स्वतःच्या ग्रामपंचायतीसाठी बटण दाबायची ही त्याची पहिलीच वेळ. त्याच्या पिढीला कुणी एक वर्ष देऊ केलं नव्हतं. गाव आता चांगलं चाललेलं होतं, खुर्चीला भाव होता. चांगलं चाललेलं घर पोरांच्या हाती कोण देतो? सात-शून्य निकालाने लोकांना जुनेच कारभारी हवे आहेत हे दाखवलं, आणि हरलेल्या पॅनलनेही एक काम केलं: तीस वर्षं गृहीत धरलेली संमती मोजून घेतली. मला तरी त्यात दृष्ट लागण्यासारखं काही दिसत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर तरुणांसाठी पंचायतीत कुठे खास जागा नाही. राखीव जागा महिलांना आहेत, अनुसूचित जाती-जमातींना आणि मागासवर्गीयांना आहेत. वयाला आरक्षण नाही. उलट अट आहे. मत अठराला, पण पंचायतीला उभं राहायचं तर एकवीस, विधानसभा-लोकसभेला पंचवीस. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असण्याची अटही महाराष्ट्राने घातली आहे. त्याआधी जन्मलेला निरक्षर असला तरी चालतो. शिकलेले सरपंच यावेत हा हेतू समजतो, पण शिक्षणाची सक्ती फक्त धाकट्यांवर, हे कोणत्याही घरात चालतं तसंच इथेही चाललं आहे.

२०२१च्या त्याच निवडणुकीत सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात घाटणे गावचा ऋतुराज देशमुख निवडून आला आणि सरपंच झाला. वय एकवीस, म्हणजे कायद्याने चालेल तेवढं किमान. लवकरच करोनाची दुसरी लाट आली. घाटण्याने चाचण्या, विलगीकरण आणि घरोघरच्या तपासणीने साथ आवरली. हिवरे बाजारनेही तेच केलं. बाधितांना शाळेत वेगळं ठेवलं, पथकं नेमून घरं वाटून घेतली, आणि जूनमध्ये राज्यातल्या शाळा बंद असताना आपली शाळा उघडली. मे २०२१च्या अखेरीस मुख्यमंत्री उद्धव ठाकरे राज्याला उद्देशून बोलले तेव्हा त्यांनी करोना रोखणारी गावं म्हणून नावं घेतली त्यांत पोपटराव पवार होते, अंत्रोळीच्या कोमल करपे होत्या आणि ऋतुराज देशमुखही होता. लगेच सरकारने करोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली, बक्षिसांच्या रकमा जाहीर केल्या. पोपटरावांनी कारभार घेतला तेव्हा त्या यादीतल्या ऋतुराजचा जन्मही झालेला नव्हता.